दिल्लीला अर्ज टाकण्याआधी: मराठवाड्यातील जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी,
मराठवाड्यातील आठही जिल्हे

महोदय,

पेन्शन, ओळखपत्र आणि मुलांच्या शिष्यवृत्तीच्या रांगेत अधूनमधून आपल्यासमोर एक वेगळाच अर्जदार उभा राहतो. हातात कापडी पिशवी, पिशवीत काळवंडलेली पदके, एखादे पाकीट, कोपरा फाटलेला फोटो. सांगणे दोन वाक्यांचे असते: ‘आमचे आजोबा एअर फोर्समध्ये होते. लढाईत कैद झाले होते.’ नातवाला त्यापुढचे काही ठाऊक नसते आणि आपल्या संगणकात ते नाव नसते. मग ‘दिल्लीला अर्ज करा’ असा सल्ला मिळतो. सल्ला चुकीचा नाही, पण फार लवकर दिलेला असतो. नुसते नाव आणि गाव लिहून गेलेल्या अर्जाला ‘अभिलेख आढळून आला नाही’ यापलीकडे उत्तर येणे कठीण, आणि तसा कागद एकदा हाती पडला की घरचे लोक शोधच सोडून देतात.

अर्जाआधी अर्धा तास बसून घरातले कागद वाचावे लागतात. ते वाचन दिल्लीत होत नाही. मोमिनाबाद म्हणजे अंबाजोगाई, हे तिथल्या टेबलावर कुणाला माहीत असणार? ते आपल्याच कार्यालयात व्हावे आणि कसे व्हावे, यासाठी हे पत्र आहे.

सुरुवात ‘हैदराबाद’ या शब्दापासून करू, कारण आपल्या भागात सगळ्यात मोठा घोळ त्याच शब्दाने घातला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या कागदांत हैदराबाद तीन वेगळ्या ठिकाणी भेटते आणि तिन्हींचे दफ्तर वेगळे.

पहिले हैदराबाद ब्रिटिश रॉयल एअर फोर्सचे. ११०, १५२ आणि २५३ या क्रमांकांच्या स्क्वॉड्रनच्या नावापुढे कंसात ‘हैदराबाद’ असे. निजामाने विमानांसाठी पैसा दिला म्हणून ते नाव मिळाले. ११० ला पहिल्या महायुद्धात, बाकीच्या दोघींना दुसऱ्यात. १५२ च्या चिन्हावर निजामाची दस्तारही आहे. पण या स्क्वॉड्रन संस्थानच्या माणसांच्या नव्हत्या, ब्रिटनच्या होत्या. ११० आणि १५२ पुढे ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आल्या, त्यामुळे ‘आजोबा हैदराबाद स्क्वॉड्रनमध्ये होते’ ही आठवण अगदीच निराधार असेल असे नाही. मात्र तिचा अर्थ फार तर त्या तळावर नोकरी असा निघतो, त्या स्क्वॉड्रनचे वैमानिक असा नाही.

दुसरे हैदराबाद म्हणजे ब्रिटिश हिंदी सैन्याची १९ वी हैदराबाद रेजिमेंट. तिच्यात भरती मुख्यतः कुमाऊँनी, जाट आणि अहिरांची. चौथी बटालियन मलायात लढली आणि सिंगापूरच्या शरणागतीत सापडली. २७ ऑक्टोबर १९४५ रोजी या रेजिमेंटचे नाव कुमाऊँ रेजिमेंट झाले. अशा माणसाची चौकशी रानीखेतला करायची.

तिसरे हैदराबाद खरे आपले: निजामाचे संस्थानी सैन्य. त्याची पहिली हैदराबाद इन्फन्ट्री ही पलटण डिसेंबर १९४१ मध्ये मलायात कोटा भारू येथे होती, आणि तिचे काम होते विमानतळाची राखण. जपानी फौज ८ डिसेंबरला, पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याच्याही तासभर आधी, त्याच किनाऱ्यावर उतरली. सिंगापूर १५ फेब्रुवारी १९४२ ला पडले. म्हणून ‘आजोबा मलायात विमानतळावर होते, जपान्यांनी धरले’ असे कुणी सांगितले तर ‘विमानतळ’ हा शब्द ऐकून अर्ज हवाई दलाकडे पाठवू नका. हा माणूस बहुधा संस्थानी पायदळाचा शिपाई असतो आणि हवाई दलाच्या दफ्तरात त्याचे नाव असण्याचे काही कारणच नाही.

‘एअर फोर्समध्ये होते’ या वाक्यात आणखीही नोकऱ्या दडलेल्या असतात. धावपट्ट्या बांधणारे इंडियन इंजिनिअर्सचे लोक होते. ब्रिटिश हवाई तळांवरचे स्वयंपाकी, बेअरर, लस्कर (हरकामे मजूर) हे नोंदणीकृत ‘फॉलोअर’ म्हणून घेतलेले असत. त्यांची यादी हवाई सैनिकांच्या यादीत नसते. घरच्यांना यात कमीपणा वाटतो, म्हणून ते सांगत नाहीत. विचारताना जपून विचारावे, पण विचारावेच.

दल ओळखायला फोटो आणि हुद्दा पुरतो. नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार असा हुद्दा दिसला की ते भूदल. एसी-२, एसी-१, एलएसी (‘एअरक्राफ्ट्समन’चे खालचे हुद्दे), कॉर्पोरल, फ्लाइट सार्जंट असे दिसले की हवाई दल. एलएसीच्या बाहीवर दोन पात्यांचा आडवा पंखा असतो. सार्जंटच्या तीन फिती मात्र दोन्हीकडे सारख्याच, त्यांवर विसंबू नये. छातीवर दोन्ही बाजूंना पसरलेले पंख असतील तर वैमानिक. एकाच बाजूचे अर्धे पंख आणि मुळाशी अक्षर असेल तर विमानातला दुसरा कर्मचारी, ‘एन’ म्हणजे नेव्हिगेटर, ‘एजी’ म्हणजे एअर गनर. कागदावर दलाचे नाव कसे छापले आहे यावरूनही काळ कळतो. भारतीय हवाई दल ८ ऑक्टोबर १९३२ चे. ‘रॉयल’ हा शब्द मार्च १९४५ मध्ये लागला आणि जानेवारी १९५० मध्ये गेला. तेव्हा ‘आरआयएएफ’ असे छापलेला कागद त्या पाच वर्षांतलाच.

सगळ्यात मोलाचा असतो सेवा क्रमांक. महायुद्धातल्या भारतीय हवाई अधिकाऱ्यांच्या क्रमांकाआधी ‘आयएनडी’ ही अक्षरे असतात. पुढच्या काळात क्रमांकापाठी शाखा येते: ‘एफ (पी)’ म्हणजे उड्डाण शाखेचा वैमानिक, ‘एफ (एन)’ म्हणजे नेव्हिगेटर. हा क्रमांक डिस्चार्ज सर्टिफिकेटवर, पगार पुस्तिकेवर, पाकिटावरच्या पाठवणाऱ्याच्या पत्त्यात सापडतो. १९६५ आणि १९७१ च्या पदकांच्या कडेला किंवा मागे क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेले असते. पदक चकाकावे म्हणून ब्रासोने घासत राहिले की सर्वांत आधी जातो तो हाच कोरीव मजकूर. घरच्यांना एवढे तरी दरवाजातच सांगा: घासू नका, भिंग घेऊन वाचा.

आता गावाचे नाव. १९४८ पर्यंत आपण मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, होतो आणि भरतीच्या कागदावर त्या वेळचा जिल्हा लिहिला जाई. तेव्हा मराठवाड्यात जिल्हे पाचच: औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद. बीडचे इंग्रजी स्पेलिंग ‘भीर’ असे होते. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होते, किनवट आदिलाबादेत. उदगीरच्या माणसाला लातूर जिल्ह्यात शोधून तो कसा सापडणार? कागदावर तो ‘बिदर, हैदराबाद डेक्कन’ असाच असेल. भरती सोलापूर किंवा अहमदनगरला, म्हणजे हद्दीपलीकडे, झाली असेल तर कधी कधी तोच पत्ता चिकटलेला असतो.

नावांचेही तसेच. जाधव हे आडनाव इंग्रजीत शेवटी व्ही, ओ किंवा डब्ल्यू घेऊन येते. मधला एच कधी असतो, कधी गळतो. बऱ्याच नोंदींत आडनावच नसते, ‘गणपत, वडील तुकाराम’ एवढेच असते, किंवा आडनावाच्या जागी जात लिहिलेली असते. अर्जात चार-पाच स्पेलिंगे आपणच द्यावीत. शोधणारा कारकून एक शोधतो आणि फाइल मिटतो.

तारखांचा गोंधळ याहून बारीक आहे. संस्थानच्या शाळांच्या आणि महसुलाच्या नोंदी फसली सनात, म्हणजे तिथल्या महसुली कालगणनेत, आहेत, बऱ्याच उर्दूत. हैदराबादचा फसली सन ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आजूर महिन्याने सुरू होतो. मग दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, उर्दीबहिश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहर, आबान. फसली सनात ५९० मिळवले की ऑक्टोबर ते डिसेंबर या काळाचे इसवी साल येते. जानेवारीपासून पुढे ५९१ मिळवायचे. पोलीस अॅक्शन सप्टेंबर १९४८ ची, म्हणजे आबान १३५७. सिंगापूर पडले ते फरवर्दी १३५१ मध्ये. सरसकट ५९० मिळवून जन्मसाल काढले की वर्ष एकाने चुकते आणि ‘अर्जातील जन्मतारीख अभिलेखाशी जुळत नाही’ असे पत्र येते.

घरच्यांच्या आठवणीतून तारीख काढायची तर ‘केव्हा गेले’ हे विचारून फारसे हाती लागत नाही. ‘मनिऑर्डर केव्हा थांबली, केव्हा कमी झाली’ असे विचारा. माणूस बेपत्ता, कैदी किंवा मृत ठरला की घरी येणाऱ्या रकमेत फरक पडतो, आणि पैशाची आठवण पिढ्यान्‌पिढ्या टिकते. फक्त रक्कम हाली सिक्क्यात (निजामाचा रुपया) सांगताहेत की कलदारमध्ये (ब्रिटिश रुपया), हे पक्के करून घ्या. साधारण सात हाली म्हणजे सहा कलदार. लष्करी कागद कलदारमध्ये बोलतो, आजी हालीमध्ये.

इथून पुढे कैदेचा भाग, आणि तो आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. छावणीतून आलेले पाकीट किंवा कार्ड घरात असेल तर निम्मे काम झाले. जर्मनीत शत्रूच्या हवाई सैनिकांसाठी वेगळ्या छावण्या होत्या. त्यांच्या नावात ‘लुफ्ट’ हा शब्द असतो. फ्रँकफुर्टजवळच्या ओबरउर्सेलला ‘डुलाग लुफ्ट’ येथे चौकशी होई आणि मग सागानच्या ‘स्टालाग लुफ्ट ३’सारख्या ठिकाणी रवानगी. शिक्क्यात ‘लुफ्ट’ नसेल तर भूदलाचा संशय घ्यावा. आनाबुर्गची छावणी किंवा फ्रान्समधले एपिनाल येथले ‘फ्रंटस्टालाग ३१५’ दिसले तर कैदी जवळपास नक्की हिंदी भूदलाचा. एपिनालवर मे १९४४ मध्ये अमेरिकन बॉम्ब पडले, कुंपण तुटले आणि सुमारे पाचशे हिंदी कैदी चालत स्वित्झर्लंडला पोहोचले. घरात ‘आजोबा बर्फातून पळून गेले’ अशी गोष्ट असेल तर ती थाप समजू नका. इटलीतल्या पाकिटावर ‘पी.जी.’ (इटालियनमध्ये ‘युद्धकैदी’ची आद्याक्षरे) आणि छावणीचा क्रमांक असतो. आवेत्झानोचा ९१ हिंदी कैद्यांचा. लिबियातले टोब्रुक २१ जून १९४२ ला जर्मन-इटालियन फौजांच्या हाती पडले तेव्हा ५ व्या मराठा रेजिमेंटची दुसरी बटालियन तिथेच होती. म्हणून मराठी घरातले इटालियन पाकीट पाहिले की आधी बेळगावची मराठा लाइट इन्फन्ट्री आठवावी, हवाई दल नंतर.

जपानच्या कैदेचे कागद का मिळत नाहीत, हे घरच्यांना समजावून सांगावे लागते. १९२९ च्या जिनेव्हा करारावर जपानने सही केली होती, मान्यता दिली नव्हती. शिवाय सिंगापूर पडल्यावर दोन दिवसांनी, १७ फेब्रुवारी १९४२ ला, फॅरर पार्क मैदानात हिंदी सैनिकांना ब्रिटिशांपासून वेगळे काढले गेले. संख्या चाळीस हजारांच्या वर. तेव्हापासून ब्रिटिशांच्या छावणीतल्या याद्यांत ते नाहीत. काही आझाद हिंद सेनेत गेले, काही गेले नाहीत, काहींना मजुरीवर दूर बेटांवर नेले. युद्धानंतर परतलेले ब्रिटिशांशी किती एकनिष्ठ राहिले याची चौकशी होऊन ‘पांढरा’, ‘करडा’, ‘काळा’ असे वर्ग पाडले गेले आणि त्यावर पुढचा पगार, पदके, नोकरी अवलंबून राहिली. त्यामुळे एकाच माणसाबद्दल सैन्याच्या कागदात ‘युद्धकैदी’ आणि गावात ‘नेताजींचे सैनिक’ असे दोन्ही असू शकते. दोन्ही खरे असू शकते. घरच्यांनी यातले एकच निवडावे असा आग्रह धरू नये. आझाद हिंद सेनेचे कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, तिथेही अर्ज करावा.

ब्रह्मदेशावर पाडलेल्या विमानांतले हवाई सैनिक रंगूनच्या मध्यवर्ती तुरुंगात ठेवले जात, आणि तेही साध्या युद्धकैद्यांपासून अलग, कोठड्यांत. एप्रिल १९४५ च्या शेवटी जपानी निघून गेले तेव्हा कैद्यांनी छपरावर रंगाने मोठी अक्षरे काढून वरच्या विमानांना ते कळवले होते. घरच्या आठवणीत ‘रंगून’ आणि ‘तुरुंग’ हे दोन शब्द जोडीने आले तर हवाई दलाची शक्यता पुन्हा जागी करावी.

१९६५ आणि १९७१ चे काम तुलनेने सोपे. १९४९ चा तिसरा जिनेव्हा करार लागू होता. त्यातल्या ७० व्या कलमाप्रमाणे छावणीत पोहोचल्यापासून आठवड्याच्या आत कैद्याला घरी आणि जिनेव्हाच्या मध्यवर्ती संस्थेला कार्ड पाठवता आले पाहिजे; ७१ व्या कलमाप्रमाणे महिन्याला किमान दोन पत्रे आणि चार कार्डे. म्हणून रेड क्रॉसचा शिक्का असलेले पहिले कार्ड शोधायचे: त्यावरून छावणीत पोहोचल्याची तारीख साधारण आठवड्याच्या फरकाने बसते. १९७१ चे हवाई अधिकारी रावळपिंडीच्या छावणीत होते. तिथून १३ ऑगस्ट १९७२ च्या मध्यरात्रीनंतर दिलीप परुळकर, एम. एस. ग्रेवाल आणि हरीश सिन्हजी भिंत फोडून निसटले, अफगाण सीमेजवळच्या लंडी कोतलपर्यंत गेले आणि पकडले गेले. त्यानंतर कैद्यांना लायलपूरला हलवले. १ डिसेंबर १९७२ ला वाघ्यावरून सुटका. पत्ता रावळपिंडीचा की लायलपूरचा यावरून पत्र ऑगस्ट १९७२ च्या आधीचे की नंतरचे हे ठरते.

लॉगबुक, म्हणजे वैमानिकाची उड्डाणांची वही, घरात असेल तर त्याची शेवटची दोन पाने आधी पाहा. विमानाच्या क्रमांकाआधीची अक्षरे प्रकार सांगतात: ‘बीए’ हंटर, ‘आयए’ मिस्टेअर, ‘आयएफ’ कॅनबेरा, नुसता ‘बी’ म्हणजे सुखोई-७, ‘सी’ मिग-२१. महिन्याअखेरच्या बेरजेखाली स्क्वॉड्रनच्या प्रमुखाची सही असते. ज्या महिन्याला सही नाही, त्याच महिन्यात काहीतरी घडले.

एवढे जमले की अर्ज. हवाई सैनिकांसाठी एअर फोर्स रेकॉर्ड ऑफिस, सुब्रोतो पार्क, नवी दिल्ली ११००१०. अधिकाऱ्यांचे कागद हवाई मुख्यालयाच्या अधिकारी कार्मिक संचालनालयाकडे. पेन्शन मिळत होती तर सुब्रोतो पार्कचेच डायरेक्टरेट ऑफ एअर व्हेटरन्स. अर्ज एका पानाचा, मोठ्या इंग्रजी अक्षरांत: क्रमांक, हुद्दा, नावाची सगळी स्पेलिंगे, वडिलांचे नाव, तेव्हाचे गाव-तालुका-जिल्हा आणि आजचे, ट्रेड, शेवटचे युनिट, कैदेचा काळ आणि ठिकाण. सोबत नाते दाखवणारा कागद. वारस प्रमाणपत्र नसेल तर वंशावळीचे प्रतिज्ञापत्र. मूळ कागद कधीही पाठवू नयेत. स्पीड पोस्टची पावती फाइलला लावावी.

साध्या पत्राला उत्तर आले नाही तर माहितीचा अधिकार. इथे अर्ज केंद्राकडे जातो, त्यामुळे राज्याच्या नियमातली १५० शब्दांची मर्यादा नाही. केंद्राची ५०० शब्दांची आहे. फी १० रुपये, पोस्टल ऑर्डरने किंवा केंद्राच्या पोर्टलवर. ‘माझ्या आजोबांची सर्व माहिती द्या’ किंवा ‘त्यांना का सोडवले नाही’ असे विचारले की अर्ज वाया गेला. कायदा अस्तित्वात असलेला कागद देतो, कारणे शोधून देत नाही. असे लिहावे: ‘अमुक क्रमांकाच्या अमुक व्यक्तीबाबत अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतचे कॅज्युअल्टी सिग्नल, कोर्ट ऑफ इन्क्वायरीची कार्यवाही, युद्धकैदी म्हणून केलेली नोंद आणि परतल्यानंतरचे जबाब यांच्या प्रमाणित प्रती.’

नकार बहुतेक वेळा कलम ८(१)(जे) खाली, ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून येतो. तिथे कलम ८(३) दाखवायचे. वीस वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती रोखायला फक्त (ए), (सी) आणि (आय) ही पोटकलमे उरतात. ‘जे’ त्यात नाही. सुरक्षेचे कारण दिले तर कलम १० प्रमाणे तेवढा मजकूर झाकून बाकीचा मागावा. पहिले अपील ३० दिवसांत, दुसरे ९० दिवसांत. आणि ‘कागद नष्ट केले’ असे उत्तर आले तर तिथे थांबू नये: १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याप्रमाणे नष्ट करण्याची रीत ठरलेली आहे, म्हणून नष्ट केलेल्या कागदांच्या यादीची प्रत मागावी. ही मागणी गेली की कधी कधी ‘नष्ट’ झालेली फाइल सापडते, असा आमचा अनुभव आहे.

परदेशातले दफ्तर थोडक्यात. लंडनजवळ क्यू येथील नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये स्क्वॉड्रनच्या रोजनिशा ‘एआयआर २७’ या मालिकेत आहेत. फॉर्म ५४० म्हणजे दिवसाचा गोषवारा, ५४१ म्हणजे प्रत्येक उड्डाण कुणी कोणत्या विमानातून केले ते. मुक्त झालेल्या कैद्यांनी भरलेल्या प्रश्नावल्या ‘डब्ल्यूओ ३४४’ मध्ये, जपानी कार्डे ‘डब्ल्यूओ ३४५’ मध्ये. ही कार्डे जपानीत आहेत. जिनेव्हाची रेड क्रॉस समिती दुसऱ्या महायुद्धातल्या कैद्यांबद्दल नातेवाइकांचे अर्ज घेते, पण अर्जांचा कोटा वर्षात ठरावीक वेळांनाच उघडतो आणि लगेच भरतो, म्हणून मजकूर आधीच तयार ठेवावा. परत न आलेल्यांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची यादी विनामूल्य आहे. तीत आग्नेय आशियात बेपत्ता झालेला हवाई सैनिक रंगूनच्या स्मारकावर शोधू नका. तो सिंगापूरला क्रांजीच्या स्मारकावर असतो.

आता आपल्याकडून काय हवे ते. पैसा लागत नाही, जुने कपाट उघडावे लागते. दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य शासन मासिक अनुदान देते. त्या प्रकरणांच्या फायलींत डिस्चार्ज सर्टिफिकेटच्या प्रती लागलेल्या असतात, आणि आज बहुतेक लाभार्थी हयात नाहीत. लाभार्थी वारला म्हणून बंद झालेली ती फाइल रद्दीत जाऊ देऊ नका. निदान सेवा क्रमांक, नाव, युनिट आणि गाव एवढ्या चार रकान्यांची वही करा. जालना १९८१ मध्ये वेगळा झाला, लातूर १९८२ मध्ये, हिंगोली १९९९ मध्ये. म्हणजे लातूरच्या माणसाची जुनी फाइल धाराशिवात, हिंगोलीच्या माणसाची परभणीत, जालन्याच्या माणसाची संभाजीनगरात असू शकते. पूर्वीच्या सोल्जर्स, सेलर्स अँड एअरमेन्स बोर्डाच्या वह्या कोणत्या जिल्ह्यात आहेत, हे आठ अधिकाऱ्यांनी एकमेकांना एकदा लेखी कळवले तर अर्जदाराचे तीन हेलपाटे वाचतील.

महिन्यातून एक दिवस उर्दू वाचणारा माणूस बसवा. निवृत्त शिक्षकांत, वकिलांच्या जुन्या मुन्शींत असे लोक अजून आहेत. कागद वाचताना पिना काढू नयेत, लॅमिनेशन तर मुळीच करू नये. पाकिटाच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढावा, कारण मागची बाजू कोरी वाटते तिथेच पोहोचल्याचा शिक्का असतो. पाकिटावरचे तिकीट काढून संग्रहाला विकणारे घरोघर आहेत. तिकिटाबरोबर शिक्का जातो आणि शिक्क्याबरोबर तारीख.

एक गट उरतो: ज्यांचा माणूस १९६५ किंवा १९७१ मध्ये बेपत्ता झाला आणि मृत्यूचा पुरावा कधी आला नाही. केंद्र सरकारने संसदेत पाकिस्तानच्या ताब्यात असल्याचे मानलेले एकूण ८३ बेपत्ता संरक्षण कर्मचारी सांगितले आहेत. जून २००७ मध्ये काही नातेवाइकांना पाकिस्तानातले तुरुंगही दाखवले गेले होते. अशा घरच्या माणसाला नमुना अर्ज पुढे करू नका. त्यांचा पत्रव्यवहार परराष्ट्र मंत्रालयाशी वेगळा चालतो, आणि त्यात तुमच्या कार्यालयाचे काम एकच: वारसाचा पत्ता आणि फोन बदलला की तो वर कळवणे. सूनबाई शेत विकून पुण्याला गेल्या, जुन्या पत्त्यावर पत्र आले आणि पोस्टमनने ‘मालक राहत नाही’ असा शेरा मारून परत पाठवले, असे होऊ नये.

आपले,
मराठवाड्यातल्या घरांतले जुने सैनिकी कागद वाचून देणारे काही जण